मसाईंच्या माळावरून तांड्याकडे

मी निघालो त्या सकाळी आमच्या तांड्यात मोठा पेच पडला होता. मला निरोप कसा द्यायचा, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. माणूस घाटंजीच्या बाजाराला गेला तर त्याला निरोप लागत नाही. जबलपूरला शिकायला गेलो तेव्हा बा नुसता बांधापर्यंत आला होता. पण समुद्र ओलांडून आफ्रिकेला? तांड्यातला एकही माणूस समुद्रापर्यंतसुद्धा पोचलेला नव्हता.

नायकाच्या दारापुढं सगळे जमले. बाची बैलगाडी जुंपून तयार होती, माझी पत्र्याची पेटी तिच्यात ठेवलेली. नायक म्हातारे झाले होते. तांड्याचा न्याय, लग्न, मयत सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. ते म्हणाले, "लदेणी निघे तवा रडत नसत. बैल बिचकतात." लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख तुडवत जाणारा आमच्या पूर्वजांचा व्यापार. (घरात आम्ही आमची गोर बोली बोलतो, बाकीच्यांना कळावं म्हणून इथं वऱ्हाडीत लिहितो.) नायकांच्या म्हणण्यावर बायाबापड्या गप्प उभ्या राहिल्या. पण माझी याडी, म्हणजे आई, पुढं आली, माझ्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि तिनं ढावलो सुरू केला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ढावलो हे लग्न होऊन सासरी चाललेल्या मुलीचं रडगाणं. मुलगी आणि तिच्या मायबहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून ते गातात. पुरुषासाठी ते कधी कुणी गायलेलं नाही. याडीला निरोपाचं दुसरं गाणंच येत नव्हतं, म्हणून तिनं सव्वीस वर्षांच्या, मिशीवाल्या, डॉक्टर पोराला नवरीचं गाणं घातलं. आधी सगळे हसले. नायकांची बायको ओरडली, "आता याले बैलावर उभं करा!" कारण आमच्यात नवरी जाताना बैलाच्या पाठीवर उभी राहते. मीही हसलो. पण याडी थांबली नाही. शब्द तिचे तीच जुळवत होती. या तांड्यानं तुला पाणी पाजलं, या टेकडीनं तुला सावली दिली, त्यांच्यावर रागावून जाऊ नको, असं काहीसं. मग एकेक बाई येऊन तिच्या सुरात सूर मिळवू लागली आणि शेवटी खुद्द नायकांनीच पागोट्याचं टोक डोळ्याला लावलं. बैल बिचकले नाहीत.

बा घाटंजीपर्यंत गाडी हाकत आला. मोटार सुटायच्या वेळी खिडकीशी येऊन म्हणाला, "थावरू, जाशीन थिती ढोराच्या धन्याशी आंधी बोलजो. मंग ढोराले हात लावजो." एवढंच. यवतमाळहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मुंबई आणि मुंबईहून जहाज.

मी ढोरांचा डॉक्टर का झालो, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचा तांडा घाटंजीजवळच्या त्या टेकडीपाशी कुणी निवडून वसवलेला नाही. माझ्या आज्याच्या तरुणपणी लदेणी तिथं मुक्कामाला उतरली आणि बैलांना बुळकांडी लागली. आधी डोळ्यांतून पाणी, मग तोंडात फोड, मग हगवण. चौथ्या-पाचव्या दिवशी बैल मान टाकायचा. रेल्वेनं धंदा तसाही अर्धा खाल्ला होता. उरलेला अर्धा त्या पंधरवड्यात संपला. पाठीवर गोणी घ्यायला बैलच उरले नाहीत म्हणून माणसं होती तिथंच बसली. पुढं कोणाच्या तरी शेतात मजुरी, मग पडीक जमीन तोडून कपाशी आणि ज्वारी, आणि आम्ही शेतकरी झालो. आज्या मरेपर्यंत म्हणायचा, "आपन हितं राह्यलो नाई. आपले बैल हितं राह्यले."

तेव्हा लहानपणी माझ्या मनात घर म्हणजे जिथं आपले बैल मेले ती जागा, असंच बसलं होतं.

मी जबलपूरला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घ्यायला गेलो तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. शिकून आलो तेव्हा तो मुंबई राज्यात गेलेला. लोक गमतीनं म्हणायचे, थावरू गेला एका राज्यातून आणि आला दुसऱ्यात, तरी गाव तेच. माझी नेमणूक मारेगावला झाली. बुळकांडीची लस तेव्हा बकऱ्यावर वाढवलेली असायची. ती गुणाची होती, पण अशक्त जनावराला कधीकधी तिचाच ताप चढायचा. मग शेतकरी दारातच हात जोडायचा, "डॉक्टरसाहेब, मरीन तं रोगानं मरू द्या, तुमच्या सुईनं कायले?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पूर्व आफ्रिकेत एक नवी, सौम्य लस तयार होत असल्याचं वाचनात आलं, शिष्यवृत्तीची जाहिरात आली, अर्ज केला आणि निवड झाली. घडलं ते इतकं साधं होतं.

जहाजाविषयी काय सांगू? पहिले काही दिवस मी नुसता पडून होतो. मग एका पहाटे वर आलो आणि बघतो तर चहूकडे पाणीच पाणी, एक झाड नाही, एक धूर नाही. ज्वारीचं शेत वाऱ्यानं हलतं तसं ते हलत होतं. आमच्या पूर्वजांनी बैलांच्या चालीनं हिंदुस्थान पालथा घातला असेल, पण असं मैदान त्यांनी पाहिलं नसणार, असं वाटलं आणि उगाच त्यांची कीव आली, स्वतःचा अभिमान वाटला. हा अभिमान मोंबासाला उतरल्यावर टिकला नाही. तिथून नैरोबीला जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून मी सकाळी बाहेर पाहिलं, तर जिराफांचा एक कळप बाभळींचे शेंडे खात उभा होता, जसे आपल्याकडे पोळ्याला बैल उभे असतात तसा, कुणाच्याही खिजगणतीत नसलेला. डब्यातल्या बाकीच्या माणसांनी मान वर करूनही पाहिलं नाही. मी मात्र तोंड उघडं टाकून बसलो.

आणखी नवल भाषेचं. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', आणि चहा तिथंही 'चाय'. आपल्या किनाऱ्यावरून कितीतरी पिढ्या माणसं तिकडं जात होती, त्यांच्याबरोबर हे शब्द गेले आणि तिथंच राहिले. गुरांना मात्र त्यांचा स्वतःचा शब्द होता, 'ङोंबे'. मराठी बाराखडीतलं ङ हे अक्षर कशासाठी आहे, हे मला शाळेत कधी कळलं नव्हतं. आफ्रिकेत कळलं.

नैरोबीबाहेर थंड हवेच्या उंच भागात आमची प्रयोगशाळा होती. सकाळी धुकं असायचं. मी याडीनं दिलेली घोंगडी पांघरून चहा प्यायचो. तिथं मी जे पाहिलं त्याचं आश्चर्य मला अजून पुरतं आवरता येत नाही. वासराच्या मूत्रपिंडातल्या पेशी काचेच्या बाटलीत जिवंत ठेवायच्या. त्या काचेला चिकटून वाढायच्या, शेतात हरळी पसरते तशा. मग त्यांच्यावर बुळकांडीचा विषाणू सोडायचा. एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, पुनःपुन्हा. असं होता होता तो विषाणू आपला खुनशीपणा विसरतो. जनावराच्या रक्तात शिरतो, पण मारत नाही. उलट खऱ्या रोगाची ओळख पटवून देतो. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख एक स्कॉटिश साहेब होते, उंच, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि म्हणाले, "बघ, हाच तो." मी काचेतून बघत राहिलो. विषाणू दिसत नव्हता, दिसत होती त्यानं केलेली नासाडी. पेशींच्या त्या हिरवळीत पडलेली भोकं. आज्याच्या साऱ्या बैलांना खाल्लं ते हेच.

काचेतलं काम शिकलो, मग लस माळावर नेण्याचं काम आलं. नारोकच्या पुढं मसाईंचा मुलूख. तिथं आकाश जमिनीला जिथं टेकतं तिथंही गवतच असतं. मसाई हे गुरं पाळणारे लोक. शेती करत नाहीत, गुरांचं दूध पितात, गुरांवर जगतात. माझ्याबरोबर डॅनियल होता, सरकारी पशुवैद्यकीय खात्यातला माझ्याच वयाचा मसाई माणूस. तो शाळा शिकलेला, खाकी गणवेश घालणारा. पण गुरं दिसली की त्याची चालच बदलायची.

एका वस्तीत आमचं काम अडलं. वस्तीचा म्हातारा, कोइनेत, गुरं आणायला तयार नव्हता. मागं कधीतरी जुन्या लशीनं त्याची काही अशक्त गुरं दगावली होती. लाल वस्त्र पांघरून, काठीवर रेलून, एका पायावर करकोच्यासारखा उभा राहून तो आमच्याकडे बघत होता. आमच्याबरोबर आलेले बाकीचे अधिकारी घाईला आले होते. बर्फाच्या पेटीतली लस फार काळ टिकत नाही. मला बाचं बोलणं आठवलं. मी सुई पेटीत ठेवली आणि कोइनेतजवळ जमिनीवर जाऊन बसलो.

त्यानं मसाईत काही विचारलं, डॅनियलनं ते मला सांगितलं, "तुमच्या देशात गायी आहेत?"

"आहेत, म्झे," मी म्हणालो. म्झे म्हणजे वडीलधारा.

"त्या तुमच्याकडे कशा आल्या?"

मला प्रश्न कळला नाही. डॅनियल हसू दाबत म्हणाला, "आमच्यात असं मानतात की देवानं पृथ्वीवरच्या सगळ्या गायी मसाईंना दिल्या. दुसऱ्या कुणाकडे असतील तर त्या आमच्याच, कधीतरी गेलेल्या. तो विचारतोय, तुम्ही नेल्या कधी?"

मी म्हणालो, "सांग त्यांना, कधी नेल्या ते आमच्या म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. पण सांभाळल्या नीट."

कोइनेत पहिल्यांदा हसला. खालचे मधले दात नव्हते. तिथं ते काढून टाकायचा रिवाज आहे. "मग आता किती उरल्या?"

आणि मी त्याला आज्याच्या बैलांची गोष्ट सांगितली. मी इंग्रजी-स्वाहिलीची खिचडी करत होतो, डॅनियल ती मसाईत सांगत होता. पण मी बैलांच्या डोळ्यांतलं पाणी सांगितलं तसा म्हाताऱ्यानं डॅनियलला हातानंच थांबवलं. पुढचं त्याला ठाऊक होतं. तोंडातले फोड, हगवण, चौथा दिवस, सगळं त्यानंच बोटं दाखवून पुरं केलं. मग तो बसला आणि सांगू लागला. त्याचा बाप तरुण होता तेव्हा हाच रोग त्यांच्या मुलखात पहिल्यांदा आला. मसाईंनी तो आधी कधी पाहिलाच नव्हता. सगळी गुरं गेली. तरस दिवसाढवळ्या वस्तीच्या दाराशी झोपायचे, इतकी त्यांची पोटं भरलेली. मग माणसं गेली. दूध नाही तर माणूस कसा जगणार? "माझा बाप रिकाम्या कुंपणात बसून गुरांची नावं घ्यायचा," तो म्हणाला. "एकेकीचं नाव. आई त्याला उठवायला जायची तर तो म्हणायचा, थांब, अजून सगळ्या आल्या नाहीत."

मी आजवर समजत होतो की बुळकांडी आमची आहे. आमच्या टेकडीची, आमच्या बैलांची, आमच्या दैवाची. समुद्रापलीकडे, आपल्या देशाचं नावही ठाऊक नसलेल्या एका माणसाच्या घरी तीच बसलेली पाहून माझं मनच बधिर झालं.

कोइनेत उठला, काठी उचलली आणि शीळ घातली. त्याची गुरं आली. लाल, पांढरी, करडी, ठिपक्यांची, एवढाली वशिंडं असलेली, पार आपल्यासारखी. प्रत्येकीच्या मानेवर हात ठेवून तो काही पुटपुटायचा आणि मग मी सुई लावायचो.

त्यानंतरचं वर्ष मी काचेच्या बाटल्यांमध्ये आणि माळावर असं दोन्हीकडे काढलं. परतायची तारीख जवळ येत होती, अहवाल लिहायला घेतला होता, आणि तेवढ्यात बातमी आली की मसाई मुलखात रानजनावरं मरत आहेत. तिथं नू नावाचं एक जनावर आहे. तोंड बैलासारखं, शेपूट घोड्याची, दाढी बोकडाची. त्यांचे कळप गवतामागे हजारोंनी फिरतात. आमच्या साहेबांनी मला म्हटलं, "तुझं शेवटचं काम आता पुस्तकात नाही. जा, आणि लस टोचलेल्या गुरांचं रक्त घेऊन ये."

मी आणि डॅनियल निघालो. माळ नूच्या कळपांनी काळा झाला होता. मी आयुष्यात एवढे जीव एकत्र पाहिले नव्हते. पायांखालची जमीन त्यांच्या चालीनं गुणगुणत होती. गाडी थांबवून आम्ही बघतच राहिलो. पण जरा जवळ गेलो तर त्यांच्यात ठिकठिकाणी पडलेली लहान पिलं दिसू लागली. एकाजवळ मी उतरलो. डोळ्यांतून पाणी आलेलं, तोंडात फोड. मला काचेची गरज नव्हती. आज्यानं सांगितलेलं सगळं तिथं गवतात पडलं होतं. आणि हाच कळप कोइनेतच्या कुरणातून गेला होता.

आम्ही गाडी त्याच्या वस्तीकडे वळवली. लस मी टोचली होती. म्हाताऱ्यानं आपली सगळी गुरं, एकही मागं न ठेवता, माझ्या बोलण्यावर पुढं केली होती. तो रिकाम्या कुंपणात बसलेला दिसला असता तर मी गाडीतून उतरू शकलो असतो का, मला माहीत नाही.

संध्याकाळ होत आली होती. आम्हाला आधी धूळ दिसली. सूर्य त्या धुळीमागे होता, त्यामुळं ती तांबडी, सोन्यासारखी झालेली. मग त्या धुळीतून एक शिंग, एक वशिंड, एक गाय, दुसरी गाय बाहेर येऊ लागली. येतच राहिल्या. ओल्या नाकाच्या, पोट भरलेल्या, शेपट्या हलवणाऱ्या. डॅनियल गाडीच्या टपावर चढला आणि लहान पोरासारखा ओरडू लागला. कोइनेत सगळ्यात मागून आला. माझ्याकडे पाहून त्यानं नेहमीसारखी मान हलवली आणि आधी वासरांना आत घेतलं. मी कुंपणाला टेकून उभा होतो.

रक्ताचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत आलो. रक्त गोठल्यावर वर सुटलेलं पाणी विषाणूत मिसळून पेशींवर घातलं आणि वाट पाहिली. बाटल्यांतली हिरवळ शाबूत राहिली, एक भोक पडलं नाही. लशीनं त्या रक्तात रोगाला अडवायचं बळ आणलं होतं. साहेबांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. मग ते म्हणाले, "आता लिही."

लिहायला बसलो तेव्हा सुरुवातीला या रोगाचा आफ्रिकेतला इतिहास द्यायचा होता. मी साहेबांना विचारलं, मसाईंच्या मुलखात हा पहिल्यांदा आला कुठून? ते चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले की नक्की कुणालाच माहीत नाही, पण बरेच जण असं मानतात की एका युरोपीय फौजेनं खाण्यासाठी आणि ओझ्यासाठी जहाजानं गुरं आणली, ती आफ्रिकेच्या वरच्या किनाऱ्याला उतरली, आणि त्या गुरांबरोबर रोग उतरला. "आणि ती गुरं?" मी विचारलं. ते म्हणाले, "हिंदुस्थानातून आली असावीत, असं म्हणतात." माझा चेहरा पाहून लगेच पुढं म्हणाले, "राठोड, हे डोक्यावर घेऊन फिरू नकोस. तू नव्हतास त्या जहाजावर."

खरंच नव्हतो. पण आज्याचे बैल आणि ती जहाजावरची गुरं एकाच काळातली. कुणास ठाऊक, एकाच बाजारातली असतील. मी ज्या पाण्याकडे अभिमानानं पाहत आलो होतो, त्याच पाण्यावरून माझ्या आधी ती आली होती.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला तिथंच राहायला सांगितलं. चांगली नोकरी, बंगला, मोटार. त्या देशात स्वातंत्र्य दाराशी आलं होतं, नव्या सरकारला जनावरांचे डॉक्टर हवे होते. मी ज्यांच्याकडे जेवायला असायचो त्या गुजराती मणिबेन म्हणाल्या, "रही जा, भाई, अहीं शुं खोटुं छे?" राहा, इथं वाईट काय आहे? खरंच काहीच वाईट नव्हतं. मला तो मुलूख आवडला होता. खरं सांगतो, मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

कोइनेतला भेटायला गेलो ते या दोन गोष्टी मनात घेऊन. त्याच्या झोपडीपुढं बसलो, त्याच्या बायकोनं भोपळ्यातून दूध दिलं. मी डॅनियलला म्हणालो, आता मी सांगतो ते जसंच्या तसं सांग. आणि मी जहाजाचं सांगितलं.

डॅनियलनं माझ्याकडे पाहिलं. "हे सांगायलाच हवं?" मी हो म्हटलं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं. तपकीर काढली, ओढली, डबी बंद केली. "ती गुरं जहाजात कुणी घातली?"

"गोऱ्या सैनिकांनी. लढाईसाठी."

"गुरांना विचारलं होतं?"

"नाही."

"मग त्या बिचाऱ्या गुरांचा काय दोष?" तो म्हणाला. मग हळूहळू बोलू लागला. डॅनियलही तितक्याच हळू मला सांगू लागला. "तुझ्या आज्याचे बैल आणि माझ्या बापाच्या गायी एकाच मरणानं मेल्या. म्हणजे आपलं सुतक एक. हा रोग तुमच्याकडचा पाहुणा होता. आमच्या घरी आला आणि जाईना. पाहुणा जात नसला की त्याच्या घरचा माणूस यावा लागतो, त्याला न्यायला. तू आलास. आता त्याला घेऊन जा."

मी त्याला सांगणार होतो की कदाचित मी इथंच राहीन. पण मारेगावच्या शेतकऱ्याचे जोडलेले हात समोर आले. त्याला द्यायला आता माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मी नैरोबीत ठेवून घेणार होतो?

उठलो तेव्हा कोइनेत जवळ आला, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि माझ्या कपाळावर थुंकला. डॅनियल घाईनं म्हणाला, "आशीर्वाद आहे, मोठा!" त्याला सांगायची गरज नव्हती. कोइनेतच्या बायकोनं स्वतःच्या गळ्यातली मण्यांची चकती काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, तुझ्या आईला.

डॅनियलनं मला नैरोबीच्या स्टेशनवर सोडलं. "क्वाहेरी," तो म्हणाला. स्वाहिलीत निरोपाला तेच म्हणतात. त्याचा अर्थ 'सुखानं' असा. मी म्हणालो, "आमच्याकडे 'येतो' म्हणतात." त्याला ते फार आवडलं. गाडी सुटेपर्यंत तो मराठीत "येतो, येतो" म्हणत फलाटावरून चालत होता, आणि जाणारा मी होतो.

तांड्यात पोचलो तेव्हा नायक राहिले नव्हते. बाचे केस पिकले होते. याडीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, आणि पहिलं काय विचारलं असेल तर, "थिती ज्वारी भेटे का?" मी सिंहाचं सांगितलं, समुद्राचं सांगितलं, लोकांनी ऐकून घेतलं. मग मी ती चकती काढली. याडी ओसरीच्या उजेडात घेऊन बसली. तिच्या काचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसे, हातात कोपरापर्यंत बलियांच्या पांढऱ्या बांगड्या, गळ्यात कवड्या-मण्यांचे सर. तिनं एकेका मण्यावरून बोट फिरवलं, उलटी करून टाका पाहिला.

"हे कोन्या तांड्याची व्हय?" तिनं विचारलं.

मी काय सांगणार? "लय दूरच्या तांड्याची, याडी."

"थे समजलं. नायक कोन थितला?"

"कोइनेत."

"ढोरं किती त्याची?"

"मोजत नाईत ते. मोजलं तं नजर लागते म्हनतात."

याडीनं मान डोलावली. "बराबर हाये. ढोरं मोजू नोय." आणि ती चकती तिनं गळ्यात घातली, इतर सरांच्या वर. रविवारी घाटंजीच्या बाजाराला ती तशीच गेली. दुसऱ्या तांड्याच्या बायांनी विचारलं असणार. ती काय म्हणाली ते मला तिनं सांगितलं नाही.

आता मी नव्या लशीच्या कामावर जिल्हाभर फिरतो. ती लस आपल्याकडे रुजायला वेळ लागतो आहे. बर्फ मिळत नाही, वीज नाही, वाटा नाहीत. पण गेल्या उन्हाळ्यात ढाणकीच्या बाजारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सुईकडे पाहून हात जोडले, तेव्हा मी पेटी बंद केली, त्याच्या शेजारी धुळीत बसलो आणि कोइनेतच्या बापाची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "थे बी ढोरांचे नाव घेत होते का, बाप्पा?" आणि उठून त्यानं बैलांची दावी सोडून ते माझ्यापुढं आणले.

हे वाचणाऱ्या तांड्याच्या पोरांनो, तुमच्यातले काही तांड्यातच आहात, काही नागपूर-मुंबईला गेलात, एक-दोघं माझ्यासारखे समुद्रापलीकडेही. घर कुठं, असं तुम्ही मला विचारता. पूर्वी मी टेकडीकडे बोट दाखवायचो. आता दौऱ्यावर असताना संध्याकाळी कुठंतरी गुरं घरी येतात, धूळ तांबडी होते, वासरं हंबरतात, आणि मी गाडी थांबवून उतरतो. ती धूळ घाटंजीची आहे की नारोकची, हे क्षणभर मला कळत नाही. आणि कळावं अशी घाई मला नसते. सगळी गुरं आत जाईपर्यंत मी उभा राहतो.